चोरलेलं रुजतं

पेरुंगुडी,
३ फेब्रुवारी २०२५

विद्याक्का,

काल वसंत पंचमी झाली आणि आज सकाळी माझ्या बाल्कनीतला पहिला टोमॅटो लाल झाला. एकच आहे. अरुण म्हणाला, "दोघांना कसा पुरवणार?" मी म्हटलं, "हा खायचा नाही, बघायचा."

मिरचीवर मावा पडला होता. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आंबट ताक फवारलं. मावा गेला, पण दोन दिवस मजल्यावर असा वास होता की समोरच्या बाई विचारून गेल्या, घरात बाळ आलंय का!

तुमचं मागचं पत्र अरुणने डब्याच्या पिशवीतून आणलं, त्यावर लोणच्याच्या तेलाचा डाग पडला होता. त्याची फॅक्टरी नेमकी तुमच्या गल्लीच्या मागे निघाली, नाहीतर आपला करार टिकला नसता. फोन करायचा नाही, लिहायचं. तुम्हाला मराठी लिहायचा सराव हवा होता आणि मला या शहरात मराठीत काही वाचायला हवं होतं. अजून आठवतं, बियांच्या देवघेवीच्या त्या मेळाव्यात माझ्या मागे कुणीतरी तमिळमध्ये भांडता भांडता म्हणालं, "अस्के बी संपलं की!" 'अस्के' म्हणजे 'सगळे' हे मला कुठे ठाऊक? पण ते 'संपलं की' ऐकून मी गर्रकन वळले. चेन्नईत आल्यापासून अशी कुणासाठी वळले नव्हते.

आता मुद्द्याचं. तुमच्या गच्चीवरच्या निळ्या पिंपातला मोगरा. तुमच्या सासूबाईंनी तंजावरहून आणलेला, पाकळीत पाकळी असलेला. आमच्याकडे त्याला बटमोगरा म्हणतात. सांगलीला आईच्या दारात होता. आई गेल्यावर भावाने तिथे गाडी लावायला जागा केली. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, गाडी कुठेतरी लावावीच लागते. पण त्यानंतर तो वास मला पहिल्यांदा आला तो तुमच्या गच्चीवर.

तर अक्का, आडवळण न घेता मागते. तुमच्या मल्लीचं थोडं मला द्याल का? बघा, तमिळ शब्दही शिकले.

संयुक्ता लिफ्टमध्ये भेटते. दिवाळीत मी तिला तुमच्याकडे घेऊन आले तेव्हापासून तिलाही बागेचं खूळ लागलंय. बरोबर माझ्या डोक्यावर, वरच्याच मजल्यावर. परवा म्हणाली, "आत्याने मला भेंडीचं बी दिलं." तुम्ही तिच्या आत्या कधी झालात, हे मला कळलंच नाही.

तुमची,
रुचिरा

---

अंबत्तूर,
१० फेब्रुवारी २०२५

चि. रुचिरा,

तुझा टोमॅटो आधी खाऊन टाक. बघत बसलीस तर पक्षी बघतील.

आमच्या वांग्याला दोन काय आली. तिसरी येईल असं वाटतं. होर सांगण्यासारखं म्हणजे श्रीवत्स आला होता. आमच्या निजायच्या खोलीत छताला ओल धरली आहे. एक माणूस घेऊन आला, त्याने काठीने ठोकठोक करून बघितलं. मुलं मोठी झाली की घर ठोकून बघतात. यांनी खाट पुढच्या खोलीत आणली. यांना कुठेही झोप लागते, हे तुज माहीत आहेच.

तू मल्ली मागितलीस ती पाठवली आहे. कागदाच्या पुडीत आहे. हलकं रगड, दोन फाका झाल्या पाहिजेत, मग पेर. ओल ठेव.

माझं मराठी बघून हसू नको. तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवली, म्हणून अक्षर नागरी आहे, पण घरात आम्ही फक्त बोललो, लिहिलं कोणी नाही. मी पहिल्यांदा लिहिते आहे. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "कसाला? ज्यांना सांगायचं ते अस्के घरातच आहेत!"

रविवारी ये. माडीवर बसू, तू गच्ची म्हणतेस तिथे. मी बागेची कात्री धार लावून आणली, लाल मुठीची. ती कठड्यावरच असते. विसरू नको, ये.

विद्याक्का

---

पेरुंगुडी,
२४ फेब्रुवारी २०२५

विद्याक्का,

तुमचं 'होर' म्हणजे 'आणि' हे ओळखलं, पण वांग्याला 'दोन काय आली' हे वाचून मी अरुणला विचारत बसले, "दोन काय? काय आली?" तो म्हणाला, "तेच तर त्या सांगतायत. काय आली." शेवटी वॉचमनला विचारलं तेव्हा कळलं की तमिळमध्ये कोवळ्या फळाला 'काय' म्हणतात. माझ्या प्रश्नाचं उत्तरच प्रश्न होतं.

आता दुसरी गंमत. तुमची पुडी मी नवीन कुंडीत पेरली. खास आणलेली, मातीची, काठाला नक्षी असलेली. रोज पाणी घातलं. काल वर आली ती कोथिंबीर.

मी हसले, अक्का. मल्ली म्हणजे धनेही, हे मला आता किराणावाल्यानेही सांगितलं. पण मी पत्रात मोगरा लिहिला होता. निळं पिंप लिहिलं होतं. माझी आई लिहिली होती. त्यातून तुम्हाला धने कसे दिसले?

त्या रविवारी मी आले. तुम्ही म्हणालात, "बस, कॉफी आणते," आणि गेलात. मी किती वेळ एकटी बसले होते! वाटलं, तुम्हाला बरं नाही की काय. खाली येऊन बघावं तर वाटलं, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात न बोलावता कसं शिरायचं. मग मोगऱ्याकडेच बघत बसले. प्रत्येक पेरावर कोवळी फूट आली होती. एकदा हात लावला, आणि लगेच मागे घेतला. आईने शिकवलंय, लोकांच्या झाडाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

कॉफी मात्र फार छान होती. फक्त तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, माझ्या पिशवीकडे बघत होतात. माझा भास असेल.

म्हणून पुन्हा विचारते. मोगऱ्याची एक काडी. वीतभर. कुंडी तयार आहे, कोथिंबीर उपटून टाकते.

रुचिरा

---

अंबत्तूर,
५ मार्च २०२५

चि. रुचिरा,

कोथिंबीर उपटू नको. उगवलेलं कोणी उपटतं काय?

डब्यात रव्याचे लाडू आहेत. अरुणला वाटेत उघडू देऊ नको.

माझी गुडघेदुखी वाढली आहे, जिना चढवत नाही, तरी दिवसातून दोनदा चढते. श्रीवत्स म्हणतो, अम्मा, आता वर कसाला जातेस? त्याला काय सांगायचं.

तू येत्या रविवारी ये. नक्की ये. पंगुनी महिना लागला की ऊन वाढेल, मग माडीवर बसता येणार नाही. मोठी पिशवी आण. तुज कडीपत्ता देते, पालक देते. आणि सावकाश बस, घाईने जाऊ नको. माझी कॉफी हळू होते.

विद्याक्का

---

पेरुंगुडी,
१७ मार्च २०२५

विद्याक्का,

परवा पहाटे झाडांना पाणी घालायला बाल्कनीत गेले. टोमॅटोच्या कुंडीत एक फूल पडलेलं होतं. पांढरं, जाड, पाकळीत पाकळी. ते कुठून आलं हे समजायच्या आधीच मी ते नाकाशी धरलं होतं. मग मान वर केली.

संयुक्ताच्या कठड्याच्या गजांतून एक फांदी बाहेर आली होती.

संध्याकाळी तिला लिफ्टमध्ये गाठलं. "संयुक्ता, तुझ्याकडे बटमोगरा आहे?"

"आहे ना रुचिराक्का. छोटासाच आहे."

"कुठून आणलास?"

ती हसली. "असाच आला."

"असाच म्हणजे? विद्याक्कांनी दिला?"

"छे, आत्या कशाला देईल!" आणि पुन्हा हसली. तिचा मजला माझ्या नंतर येतो, म्हणून मला आधी उतरावं लागलं. ते हसू वर गेलं.

अक्का, मला राग आला असं लिहिणार होते. पण राग नाही हा. मी घरात येऊन दिवा न लावता बसले आणि स्वतःशी हिशेब मांडत राहिले की तिला भेटून तुम्हाला किती महिने झाले आणि मला किती. तिला मी आणलं. तुमच्या जिन्यात वाकून 'जपून चढ, पायरी तुटलीय' असं मी तिला सांगितलं. आता तिच्या मोगऱ्याचं शिळं फूल वरून माझ्या कुंडीत पडतं. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, तिशीच्या मुलीच्या कठड्याकडे माना वर करकरून बघते. काल तर तिच्या झाडाला पिठ्या ढेकूण लागावा असं मनात आलं. लागलेला दिसला तर तिला उपाय सांगेन का, हेही विचार करून ठेवलं. सांगणार नाही.

मी एकदा मागितलं, तुम्ही धने पाठवलेत. दुसऱ्यांदा मागितलं, लाडू पाठवलेत. नऊ तारखेला पुन्हा आले, पुन्हा मला गच्चीवर एकटी सोडून तुम्ही खाली गेलात. त्या दिवशी तर दूध उतू गेल्याचा वासही आला. माझ्याबरोबर बसायचा इतका कंटाळा येतो, तर बोलावता कशाला?

मला कळलंय ते असं. तुम्ही आणि तिची आजी एकाच गावच्या, एकाच बोलीच्या. मी बाहेरून आलेली. मला वाटलं होतं, आपण मराठीत बोलतो म्हणजे आपण एकमेकींच्या आहोत. तुमचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी घर सोडून आलेलं, माझं अकरा वर्षांपूर्वी. त्यांची गाठ पडेल असं मीच धरून चालले.

काही दिवस लिहिणार नाही. तुमचा डबा अरुणबरोबर पाठवते आहे.

रुचिरा

---

अंबत्तूर,
२६ मार्च २०२५

रुचिरा,

तुझा डबा आला. झाकण उघडलं, आत काही नाही. आमच्यातही डबा कोणी रिकामा परत करत नाही. चिमूटभर साखर तरी घालतात. पत्र मी मग वाचलं, आधी डबा वाचला.

आता सांगते. सोमवारी माडी उपसली. मोगरा गेला.

पिंपाच्या बुडाला भोक होतं. त्यातून मुळं बाहेर आली, स्लॅबच्या चिरेत शिरली. खोलीतली ओल ती. श्रीवत्सने पोंगलपासून सांगितलं होतं, मार्च संपायच्या आत काढायचं, वर रंगासारखं काहीतरी फासायचं, पुन्हा माडीवर कुंड्या ठेवायच्या नाहीत, एखादी ठेवायची तर खाली दाराशी. तो वाईट मुलगा नाही. उद्या छताचा तुकडा बापाच्या डोक्यात पडला तर, असं म्हणतो, आणि ते खरं आहे. पिंप हललं नाही, तेव्हा कामाच्या माणसांनी झाड कोयत्याने कापलं. मी वर गेले नाही. खाली बसून शेंगा सोलल्या.

हे तुज आधी का नाही लिहिलं? लिहिलं असतं तर तू धावत आली असतीस होर पुन्हा मागितलं असतंस.

तू मागितलंस, तेच चुकलं. तुझं चुकलं नाही, तुज कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी मोगरा देत नाहीत. मागून नेलेला रुसतो, चोरून नेलेला रुजतो. सासूबाईंनी तो तंजावरात नणंदेच्या परसातून चोरला. नणंद तेव्हा आत पान लावत होती. पान लावायला इतका वेळ लागत नाही, हे दोघींना माहीत होतं. घेणारीने बोलायचं नाही, देणारीने बघायचं नाही. ज्या बाईला मोगरा द्यायचा असेल तिला झाडाजवळ बसवायचं, जवळ कात्री ठेवायची, होर आपण कॉफीला जायचं.

मी तुज दोनदा बसवलं. कात्रीला धार लावली. मोठी पिशवी आण म्हटलं. खाली चुलीजवळ उभी राहून दूध उतू जाऊ दिलं. यांनी विचारलं, "कॉफी करतेस की पायसम?" मी वर येताना जिन्यात खोकले, तुज पिशवी बंद करायला वेळ मिळावा म्हणून. वर येऊन बघते तर तू हात मांडीवर घेऊन बसलेली. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. पिशवीत फक्त माझा पालक. मज रडू आलं, होर रागही आला. म्हटलं, हिला माझं झाड नको आहे काय? सांगलीच्या मोगऱ्यापुढे हा हिच्या मनात भरत नाही काय? धने मी मुद्दाम पाठवले. मागितलेलं ऐकूच आलं नाही असं करायला होर काय करू?

संयुक्ताला कोणी सांगावं लागलं नाही. तिची आजी आमच्याकडचीच. तू तिला घेऊन आलीस, त्या दिवशी तू यांच्याशी खाली बोलत होतीस, ती माडीवर गेली. उतरली तेव्हा तिची ओढणी एका बाजूला जड होती. मी भिंतीकडे बघितलं.

मत्सर तुज एकटीला होतो असं समजू नको. ती मुलगी इथे येते, तेव्हा अस्कं तुझंच सांगते. रुचिराक्काच्या घरी काल भाकरी खाल्ली. रुचिराक्का अशी हसली. तुम्ही दोघी रोज लिफ्टमध्ये भेटता. माझ्या घराला लिफ्ट नाही. होर तुझं पत्र. ते मी आधी वाचते, मग मत्सर करते, मग उत्तर लिहायला बसते. तीनशे वर्षांत आमच्यातल्या कोणी 'ते हसू वर गेलं' असं लिहिलं नसेल. हे वाक्य माझ्यावर रागावून लिहिलंस, तरी मी ते यांना वाचून दाखवलं.

रीत मोडून हे सांगितलं, कारण आता रुसायला झाड नाही.

तू विचारशील, स्वतःसाठी एक काडी का नाही ठेवली. माझ्याच झाडाची चोरी मी कशी करू?

पाडवा रविवारी आहे. संयुक्ताला मी काही बोलले नाही, बोलणारही नाही. फक्त फोनवर विचारलं, घरात कॉफीची पूड आहे ना.

विद्याक्का

---

पेरुंगुडी,
२५ एप्रिल २०२५

विद्याक्का,

महिना झाला, लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. खरं म्हणजे, तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते घेऊन टोमॅटोजवळ बसले आणि माझे हात मांडीवर होते. तसेच होते. ते बघून मला माझीच कीव आली आणि मग हसू.

पाडव्याला कडुलिंबाचा मोहर आणि गूळ वाटीत घेऊन वर गेले. संयुक्ताने दार उघडलं. अजून नाइटीतच होती.

"या रुचिराक्का! बाल्कनीतच बसा, वारा आहे. कॉफी करते."

"नको गं, आत्ताच चहा..." म्हणाले आणि जीभ चावली. "म्हणजे, कर. कर कॉफी."

"वेळ लागेल हां. डिकॉक्शन पडायचंय."

"लागू दे."

कठड्यावर कात्री होती. नवीन, बाजारातल्या पुठ्ठ्यासकट. मोगरा जवळून बघितला. अक्का, तो तितका काही मोठा नाही. खालून मला तो मांडवाएवढा दिसायचा.

मी कात्री उचलली आणि आधी दाराकडे बघितलं. आयुष्यात बसचं तिकीट चुकवलं नाही मी. आतून भांड्यांचा आवाज येत होता, गरजेपेक्षा जास्त. एक काडी कापली, पेराच्या खाली, तिरपी. ती पदरात गुंडाळतेय तोवर आतून आवाज आला, "रुचिराक्का, साखर संपलीय! खाली दुकानात जाऊन येते!" आणि दार ओढून ती गेलीसुद्धा. चपला न घालता.

मग मी दुसरी कापली.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात साखर नव्हती. दोघींनी बिनसाखरेची कॉफी प्यायली आणि उन्हाळ्याबद्दल बोललो. निघताना ती माझ्या पदराकडे बघणार नाही म्हणून इतकी छताकडे बघत होती की उंबऱ्याला ठेचकाळली. आभार मानायचं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

पहिली काडी आठवड्यात काळी पडली. दुसरी मी कोथिंबिरीच्या कुंडीत खोचली होती. तुम्ही उपटू नको म्हणालात म्हणून ती जागेवरच होती, आणि तिच्या सावलीत ही तगली. आज हिच्या पेरातून हिरवं टोक बाहेर आलंय. तांदळाच्या दाण्याएवढं.

मत्सर मात्र गेला नाही, तुम्हाला खोटं कशाला लिहू. वरच्या झाडाला आता कळ्यांचा गुच्छ आहे आणि माझ्याकडे एक दाणा. सकाळी मान अजून वर जाते. पण परवा तिच्या फांदीवर पांढरं काहीतरी दिसलं, पिठ्या ढेकूणच होता. मी जिन्याने धावत वर गेले, ताकाचा पंप घेऊन. तिच्या मजल्यावरही आता वास येतोय.

डबा पाठवते आहे. आत पुरणपोळ्या आहेत. अरुणला वाटेत उघडू दिलेला नाही, त्याला वेगळ्या दिल्यात.

पावसाळा संपेपर्यंत ही काडी झाड होईल. पोंगलच्या सुमारास, हवा थंड झाली की, तुम्ही या. इथे लिफ्ट आहे, गुडघ्याला त्रास नाही. काकांना अरुणबरोबर खाली बागेत बसवू. तुम्ही बाल्कनीत बसा. मी नवीन कात्री आणली आहे, लाल मुठीची, कठड्यावरच असते. मोठी पिशवी आणा.

आणि घाई करू नका. माझी कॉफी फार हळू होते.

रुचिरा